माडाच्या खोडातील कीड कानाने ओळखा : दाबविद्युत् स्फटिकाचा शेतीस उपयोग

कोकणपट्टीतील व गोव्यातील नारळ-बागायतदारांस एका संकटाचा चांगला परिचय आहे. आठ-दहा वर्षांचा, नुकताच उत्पन्नास आलेला माड वरून हिरवागार दिसत असतो. पुढे केव्हातरी शेंड्यातील मधल्या झावळ्या फिक्या पडू लागतात आणि त्यानंतर काही दिवसांतच शेंडा कलंडून खाली येतो. खोड फोडून पाहावे तो आत कुजका चोथा आणि अंगठ्याएवढ्या जाड, पिवळसर अळ्या आढळतात. हा सोंड्या भुंग्याचा उपद्रव होय. माडास वाढीचा एकच कोंब असतो. तो नष्ट झाला म्हणजे आंब्याप्रमाणे किंवा चिकूप्रमाणे दुसरी फांदी फुटण्याची आशा राहत नाही. कित्येक वर्षे खतपाणी घालून वाढविलेले आणि पुढे अनेक वर्षे फळ द्यावयाचे झाड कायमचे हातचे जाते.

ह्या किडीचा धोका वाढतो तो तिच्या लपून राहण्यामुळे. अंडे, अळी व कोष ह्या तिन्ही अवस्था झाडाच्या आतच पार पडतात. बाहेर लक्षण दिसेपर्यंत खोडाचा बराच भाग पोखरलेला असतो, आणि त्यानंतर केलेला उपाय बहुधा उशिराचा ठरतो. हा भुंगा मूळचा आपल्याकडील व आग्नेय आशियातील असला, तरी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तो आखाती देशांतील खजुराच्या बागांत व पुढे भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पसरला. मार्च २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने ह्याच किडीच्या बंदोबस्ताकरिता रोम येथे आंतरराष्ट्रीय बैठक भरविली होती. कीड लवकर ओळखावी कशी, हा तेथील चर्चेचा एक मुख्य विषय होता.

आपले अनुभवी बागायतदार संशय आलेल्या माडास कान लावून आतील ‘करकर’ ऐकतात. ही जुनी युक्ती शास्त्रास धरून आहे. मात्र नुसत्या कानास आवाज ऐकू येतो तेव्हा अळ्या बऱ्याच मोठ्या झालेल्या असतात. हाच कान अधिक तीक्ष्ण करणारे एक साधन आज अल्प किमतीत मिळू शकते. ते कोणत्या तत्त्वावर चालते, त्याचा उपयोग कसा करावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

दाबातून वीज

सन १८८० मध्ये फ्रान्समधील झाक क्यूरी व पिएर क्यूरी ह्या बंधूंनी असे दाखवून दिले की, क्वॉर्ट्‌झ, तोरमल्ली, रोशेल लवण इत्यादी काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत् भार उत्पन्न होतो. ह्या आविष्कारास दाबविद्युत् असे म्हणतात. अशा स्फटिकातील धन व ऋण भाराचे कण एका ठराविक रचनेत बसलेले असतात. स्फटिक दाबला म्हणजे ही रचना किंचित बिघडते, धन भार एका बाजूस व ऋण भार दुसऱ्या बाजूस सरकतो, आणि दोन्ही बाजूंस तारा जोडल्या असता त्यांत क्षणभर वीज खेळते. दाब काढला की वीज उलट दिशेने जाते. दाब स्थिर राहिला तर मात्र काही वेळाने भार विरून जातो. म्हणून हा स्फटिक स्थिर वजन मोजण्यापेक्षा हादरे, ठोके व ध्वनी ह्यांसारख्या सतत बदलणाऱ्या दाबाची दखल घेण्यास विशेष योग्य होय.

ह्याच्या उलट क्रियाही घडते. स्फटिकास वीज दिली असता तो अतिसूक्ष्म प्रमाणात आखडतो वा फुगतो. हे गॅब्रिएल लिपमन ह्या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोगाने सिद्ध केले. क्वॉर्ट्‌झच्या घड्याळात स्फटिकाचा लहानसा तुकडा दर सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावून वेळ मोजतो, तो ह्याच गुणामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, पॉल लांजव्हँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पोलादी पत्र्यांमध्ये क्वॉर्ट्‌झ बसवून पाण्याखालील पाणबुडीचा प्रतिध्वनीने शोध घेण्याचे साधन तयार केले. पुढे १९४०च्या व १९५०च्या दशकांत चिनीमातीप्रमाणे भाजून करावयाचे दाबविद्युत् पदार्थ निघाले. त्यांस हवा तो आकार देता येऊ लागला व किंमतही उतरली.

ह्या तत्त्वाचा प्रत्यय घेण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याचा लायटर हाती घ्यावा. खटका दाबला की आतील लहान हातोडी स्फटिकावर आपटते, काही हजार व्होल्टचा दाब क्षणमात्र निर्माण होतो आणि ठिणगी उडते. त्यात बॅटरी नसते. अंगठ्याच्या जोराचेच विजेत रूपांतर होते. लायटरमध्ये जोराचा ठोका असतो, तर अळीच्या चावण्याने अतिशय क्षीण हादरा बसतो. तत्त्व मात्र दोन्हींकडे एकच आहे. क्षीण हादऱ्यापासून मिळणारी वीजही क्षीण असते. ती वाढविण्यास विवर्धकाची, म्हणजे अँप्लिफायरची, जोड द्यावी लागते.

खोडातील आवाज कोणता

बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारतो. बद्द आवाज आला तर मडके ठेवून देतो. नारळ कानाजवळ हलवून आतील पाण्याचा अंदाज घेतो. वस्तू न फोडता आतील स्थिती आवाजावरून जाणण्याचीच ही उदाहरणे होत. फरक इतकाच की, येथे टिचकी आपण मारावयाची नसून अळी स्वतःच आवाज करीत असते. तिच्या बळकट जबड्यांनी तंतू तुटताना प्रत्येक वेळी लहानसा ‘टक्’ असा हादरा निर्माण होतो. हा हादरा सेकंदाच्या काही सहस्रांश भागाएवढाच टिकतो. अनेक हादरे एकामागून एक येतात, मध्येच थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. त्यांतील मुख्य कंपने दर सेकंदास सुमारे एक हजार ते काही हजार ह्या मर्यादेत, म्हणजे माणसास ऐकू येणाऱ्या टप्प्यातच, असतात.

वाऱ्याने खोड डोलण्याचा आवाज ह्याहून पुष्कळ खालच्या पट्टीचा व सलग असतो. झावळीवर झावळी घासल्याचा आवाज खरखरीत व लांब असतो. अळीचा आवाज तुटक व झुबक्या-झुबक्यांनी येणारा असतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे निम्मे काम झाले. अमेरिकेच्या कृषि खात्यातील संशोधकांनी ह्याच भेदावर आधारलेल्या पद्धती तयार केल्या, आणि श्रीलंकेतील संशोधकांनी खास नारळाकरिता बनविलेल्या, सहज नेता येणाऱ्या यंत्राचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध केले.

किडीचा जीवनक्रम व ऐकण्याची संधी

मादी भुंगा खोडावरील जखमा, भेगा आणि झावळ्यांच्या बेचक्यांतील मऊ भाग हेरून तेथे अंडी घालते. एक मादी आपल्या आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. दोन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडून आत शिरते आणि सुमारे एक ते तीन महिने खोड पोखरते. त्यानंतर ती तंतूंचा कोष विणून त्यात राहते व अखेर भुंगा होऊन बाहेर पडते. सर्वसाधारणपणे पाच ते वीस वर्षे वयाच्या माडांस हिचा अधिक उपद्रव होतो.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, ऐकण्यास सापडते ती केवळ अळीची अवस्था. अंडे खात नाही व कोषही खात नाही. सबब एका दिवशी झाड मुके आढळले म्हणून ते निरोगी आहे, असा निर्णय करू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा ऐकावे. दुसरी ही की, अळीची अवस्था काही आठवडे टिकत असल्यामुळे दर पंधरवड्यास फेरी ठेवली तर बहुतेक अळ्या केव्हा ना केव्हा कानांखाली येतातच.

साधन कसे जुळवावे

तयार यंत्रे मिळतात, पण ती महाग असतात. शिकण्याकरिता व आपल्या बागेत चाचणी घेण्याकरिता पुढील जुळणी पुरेशी आहे.

(१) दाबविद्युत् चकती : गजर, खेळणी इत्यादींत आवाज काढण्यासाठी असते ती पितळी चकती घ्यावी. सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाची बरी. पितळेवर मध्यभागी पांढरा थर असतो, तोच दाबविद्युत् पदार्थ. शक्यतो तारा जोडलेलीच चकती घ्यावी. स्वतः डाग द्यावयाचा झाल्यास तो झटपट द्यावा. फार तापविल्यास पदार्थाचा गुण कमी होतो. ह्या थरात बहुधा शिसे असते. तो खरवडू नये व मुलांच्या हाती देऊ नये.

(२) तार : बाहेरून जाळीचे आवरण असलेली तार वापरावी. साध्या तारेत विजेच्या लाइनीची घरघर शिरते.

(३) विवर्धक : बॅटरीवर चालणारा, लहान संकेत वाढविणारा अँप्लिफायर घ्यावा. त्याचा प्रवेश-रोध सुमारे १० लाख ओहम असल्यास चांगले. दर सेकंदास ५०० कंपनांखालचे आवाज गाळण्याची सोय करून घेतली तर वाऱ्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. गावातील रेडिओ-दुरुस्ती करणारा कारागीर हे काम करून देऊ शकतो.

(४) हेडफोन : कान पूर्ण झाकणारा असावा. शक्य असल्यास आवाज मोबाइलवर नोंदवून ठेवावा, म्हणजे तो पुन्हा ऐकता येतो व जाणकारास ऐकविताही येतो.

चकती खोडास घट्ट लागणे अत्यंत आवश्यक आहे. खोडाची सपाट जागा निवडून तेथील माती, शेवाळ पुसावे. चकतीस पातळसे मेण किंवा ग्रीस लावून ती सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने खोडावर आवळून बांधावी. मध्ये हवा राहिल्यास क्षीण आवाज तेथेच अडतो. जिवंत खोडात खिळा ठोकू नये. जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा आकर्षिला जातो, आणि किडीचा शोध घेता घेता आपणच तिला दार उघडून दिल्यासारखे होते. लहान माडावर झावळीच्या वाळलेल्या देठाचे खुंट असल्यास त्यात लांब स्क्रू फिरवून त्याच्या डोक्यावर चकती बसविण्यास हरकत नाही.

ऐकण्याची रीत

(१) वेळ : वारा पडलेला असावा. रात्री उशिरा किंवा पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी ऐकावे. पाण्याचा पंप व पंखे बंद ठेवावे.

(२) जोडणीची परीक्षा : चकतीपासून हातभर अंतरावर खोडावर नख हळूच ओढावे. ते स्पष्ट ऐकू आले तर जोडणी ठीक समजावी. न आल्यास पट्टी पुन्हा आवळावी.

(३) शांतता : चकती बांधल्यानंतर दोन-तीन मिनिटे झाडास हात लावू नये. हादरा बसल्यास अळ्या काही वेळ खाणे थांबवितात.

(४) प्रत्येक जागी निदान तीन ते पाच मिनिटे ऐकावे. मऊ, तंतुमय खोडात आवाज दूरवर जात नाही. म्हणून बुंध्यापासून सुरुवात करून हात-दोन हात अंतर सोडीत वर जावे. उंच माडावर शेंड्याखालची जागा चढणाऱ्या जाणत्या गड्याकडून तपासून घ्यावी.

(५) तुलना : ज्याच्याविषयी शंका नाही अशा एक-दोन माडांचा आवाज प्रथम ऐकावा. निरोगी झाडही अगदी मुके नसते. मुंग्या चालतात, साल तडकते. ह्या नेहमीच्या आवाजांशी कान परिचित झाले म्हणजे वेगळा आवाज चटकन् लक्षात येतो.

(६) निर्णय : तुटक ‘टक्-टक्’ किंवा ‘करकर’ झुबक्यांनी येत असेल, आणि तोच प्रकार दुसऱ्या दिवशीही त्याच जागी आढळला, तर झाड संशयित समजावे. एकदाच आलेल्या आवाजावरून झाडावर शिक्का मारू नये. गेंड्या भुंग्याची किंवा वाळवीची हालचालही ऐकू येऊ शकते. म्हणून भोके, चोथा व पाझर ही लक्षणेही त्याच जागी शोधावी.

(७) नोंद : प्रत्येक माडास क्रमांक द्यावा. तारीख, उंची, ऐकलेला प्रकार आणि आढळलेले लक्षण वहीत लिहावे. दोन-तीन महिन्यांच्या नोंदीनंतर बागेचा कोणता कोपरा धोक्याचा आहे, ते आपोआप दिसून येते.

आवाज ऐकू आल्यानंतर

यंत्र कीड मारीत नाही. ते केवळ वर्दी देते. वर्दी मिळाल्यावर हालचाल न केल्यास सर्व श्रम व्यर्थ होत. संशयित माडाची बारकाईने पाहणी करावी. खोडास भोके, त्यांतून तांबूस चिकट रस, बाहेर आलेला चावलेला चोथा ह्यांपैकी काही आढळल्यास त्वरित तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठ, त्याचे रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आणि केरळमधील कासरगोड येथील केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्था ह्या संस्थांचे ह्या विषयावर काम आहे. खोडात सोडावयाचे कीटकनाशक व त्याची मात्रा चालू शिफारशीप्रमाणेच ठेवावी. शेजाऱ्याने वापरले म्हणून आपण वापरू नये. औषध दिलेल्या झाडाचे नारळ किती दिवस काढू नयेत, हेही विचारून घ्यावे.

औषध दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याच जागी पुन्हा ऐकावे. आवाज बंद पडला तर उपाय लागू पडला असे मानण्यास आधार मिळतो. चालूच राहिला तर आत अळ्या जिवंत आहेत हे उघड आहे. उपायाची अशी परीक्षा नुसत्या डोळ्यांनी इतक्या लवकर होत नाही, आणि ध्वनियंत्राचा हा मोठा फायदा आहे. हातचे गेलेले झाड मात्र बागेत उभे ठेवू नये. ते तोडून, फोडून, आतील अळ्या व कोषांसह नष्ट करावे. नाही तर तेथूनच शेजारच्या माडांवर भुंगे जातात.

प्रतिबंधाचे नियम जुनेच आहेत व आजही तितकेच खरे आहेत. हिरवी झावळी विनाकारण तोडू नये. तोडावीच लागली तर सुमारे १२० सेंटिमीटर देठ राखून तोडावी. खोडास झालेल्या जखमेवर डांबर लावावे. गेंड्या भुंग्याने केलेल्या भोकांतून सोंड्या भुंग्यास वाट मिळते, म्हणून शेणखताच्या खड्ड्यांतील गेंड्या भुंग्याच्या अळ्या वेचून माराव्या. कामगंधाचे सापळे शिफारशीप्रमाणे लावावे. भुंगे सापळ्यात सापडू लागले म्हणजे ऐकण्याची फेरी अधिक वेळा घ्यावी.

धान्याच्या कोठीतील आवाज

हीच युक्ती धान्यासही लागू पडते. तांदूळ, गहू व ज्वारीतील सोंडकिडा दाण्यास भोक पाडून आत अंडे घालतो व भोक बुजवून टाकतो. अळी दाण्याच्या आतच वाढते. उष्ण हवेत सुमारे महिन्या-सव्वा महिन्यात नवा किडा बाहेर पडतो. तोपर्यंत दाणा वरून अभंग दिसतो. अशा लपलेल्या किडीचा आवाज यंत्राने ऐकून उपद्रव ओळखण्याच्या पद्धतीचा निबंध ‘सायन्स’ ह्या अमेरिकन नियतकालिकात १९५३ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर ह्या दिशेने पुष्कळ संशोधन झाले.

कोठीकरिता धातूची निमुळती सळई घेऊन तिच्या वरच्या टोकास चकती घट्ट बसवावी व सळई धान्यात खुपसावी. धान्याचा ढीग आवाज फार शोषून घेतो. दाण्यातील अळी सळईपासून अर्धी ते एक वीत अंतरात असेल तरच बहुधा ऐकू येते. म्हणून एकाच जागी ऐकून समाधान मानू नये. मध्यभाग, कडा, तळाजवळचा भाग व ओल येण्याचा संभव असलेली बाजू अशा अनेक जागा पाहाव्या. सळई खुपसल्यावर दाणे काही वेळ सरकत राहतात व त्यांचाही आवाज येतो. तो थांबू द्यावा. थंडीत किडे मंद होतात, त्यामुळे हिवाळ्यातील शांततेवर फार विसंबू नये. आवाज आल्यास तो भाग काढून, चाळून, उन्हात वाळवून पाहावा. धान्य साठविण्यापूर्वी नीट वाळविणे व कोठी स्वच्छ करणे ह्यांस मात्र कोणतेही यंत्र पर्याय नाही.

त्याच तत्त्वावरील इतर साधने

मळणीसह कापणी करणाऱ्या कंबाइन यंत्रांपैकी काहींत चाळणीच्या मागे दाबविद्युत् पट्टी बसविलेली असते. भुशाबरोबर वाया जाणारा दाणा तीवर आपटला की तीक्ष्ण ठोका बसतो. काडाचा ठोका बोथट असतो. यंत्र हा भेद ओळखून चालकास दाण्याची नासाडी वाढल्याचे दाखविते. हा आकडा तुलनेचा असतो. यंत्रामागे जमिनीवर ठराविक मापाचे तरट पसरून पडलेले दाणे मोजले, तरच त्याचा खरा अर्थ कळतो.

विहिरीतील किंवा टाकीतील पाण्याची पातळी मोजण्यास श्रवणातीत ध्वनीचा, म्हणजे माणसास ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीच्या ध्वनीचा, उपयोग होतो. येथे स्फटिक आधी वीज घेऊन आवाज करतो व मग प्रतिध्वनी ऐकतो. हवा ३० अंश सेल्सिअस असता ध्वनी दर सेकंदास सुमारे ३४९ मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदाने परतला तर जाण्या-येण्याचे अंतर सुमारे १४ मीटर, म्हणजे पाणी सुमारे ७ मीटर खाली आहे. अरुंद विहिरीत मात्र कपारी व पाइप मध्येच प्रतिध्वनी देऊन फसवितात.

पशुवैद्यकाच्या सोनोग्राफी यंत्रातही हेच स्फटिक असतात. हाताने तपासून गाय गाभण आहे किंवा नाही हे सामान्यतः दोन महिन्यांच्या सुमारास सांगता येते. सोनोग्राफीने ते सुमारे एका महिन्यात कळू शकते. रिकामी राहिलेली गाय लवकर लक्षात आली तर पुढील माज वाया जात नाही. ही तपासणी पशुवैद्यकाकडूनच करवून घ्यावी.

ध्वनीच्या नावाने होणारी फसवणूक

ध्वनीचे तत्त्व खरे असले तरी ध्वनीच्या नावावर विकली जाणारी प्रत्येक वस्तू खरी असेल असे नाही. उंदीर, डास, झुरळे ‘ऐकू न येणाऱ्या आवाजाने’ पळवून लावणारी लहान यंत्रे बाजारात दिसतात. उंदीर अशा आवाजास थोड्याच दिवसांत सरावतात. शिवाय श्रवणातीत ध्वनी भिंतीतून किंवा पोत्यांच्या थप्पीतून पलीकडे जात नाही. अशा यंत्रांविषयीचे दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध असले पाहिजेत, अशी ताकीद अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांस दिली होती.

म्हणून कोणतेही ध्वनियंत्र घेताना विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावे. हे यंत्र ऐकते की आवाज करते? त्याची चाचणी कोणत्या संस्थेने, कोणत्या पिकावर केली? आणि माझ्या बागेतील एका निरोगी व एका कीडग्रस्त झाडावर त्याचा प्रयोग मला दाखवाल काय? तिसऱ्या प्रश्नास टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच ठेवावे.

उपसंहार

बागायतदार बंधुभगिनींनो, एका घराने एक यंत्र घेण्यापेक्षा वाडीतील पाच-दहा बागायतदारांनी मिळून एक साधन जुळवावे, चांगल्या कानाच्या दोन तरुणांस त्याचा सराव द्यावा आणि दर पंधरवड्यास सर्वांच्या बागांतून फेरी काढावी. भुंगा कुंपण मानीत नाही. एकाच्या बागेत वेळीच सापडलेली अळी दुसऱ्याचे माड वाचविते. प्रथम थोडी चूक होईल, काही झाडांविषयी उगाच शंका येईल. वहीतील नोंदी ठेवीत गेल्यास कान हळूहळू तयार होतो. ह्या पंधरवड्यात निदान आपल्या बागेतील पाच ते वीस वर्षे वयाच्या माडांस क्रमांक देऊन ठेवावे व ज्यांच्या खोडास जुनी जखम आहे त्यांची वेगळी यादी करावी. ऐकण्याची पहिली फेरी त्या यादीपासून सुरू करावी.